मुनेश्वर बाईचं एक वाक्य

मारेगावात उतरून सत्यशीला मुनेश्वर कुठं राहते म्हणून विचारलं तर कोणी चटकन सांगणार नाही. टायपिंगवाली बाई म्हणा, पानठेलेवाला ठेला सोडून घर दाखवाले येते. तालुक्यात आज पन्नाशीले टेकलेला जो कारकून, ग्रामसेवक, शाळेचा बाबू दिसन, त्याच्या बोटाच्या पेरावर बाईच्या फुटपट्टीचा एखादा तरी वळ उमटून गेला हाय. माह्याही पेरावर उमटला. मी काही बाबू झालो नाही, तो भाग वेगळा.

बाईचा बाप जिनिंगमध्ये कापसाचे बोझे उचले. त्यानं पोरीले वणीले टायपिंग शिकाले पाठवलं, तेव्हा वस्तीतले लोक म्हणे, याले येड लागलं. बाई चाळीसची स्पीड घेऊन वापस आली, अन् सोबत एसटीच्या टपावरून एक जुनं मराठी मशीन घेऊन आली. पुढं लग्न झालं. नवरा राजूरच्या खाणीत होता, तो लवकर गेला. बाईनं रडणं आटोपलं अन् बसस्टँडजवळ माडीवर एक खोली भाड्यानं घेतली. एका मशीनचे आठ झाले. पाटीवर नाव मोठं लंबं होतं, पण लोक 'बाईचं टायपिंग' एवढंच म्हणत.

शिकवाची रीत अशी. कळा पाहाच्या नाही. बाई हातावर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाले. आत बोटं, बाहेर आपण. नजर समोरच्या कागदावर. कोणी खोकं कलतं करून खाली पाह्यलं का फुटपट्टी पडलीच. एका बोटानं टुकटुक करणाऱ्याले बाई 'कोंबडी' म्हणे. "दाणे टिपाचे असन तर उकिरड्यावर जा, माह्या मशीनवर नको." अन् दुसरी गोष्ट बाई रोज सांगे, ती अशी का, टायपिस्टनं आपलं डोकं बाजूले ठेवाचं. समोर जे लेहलं हाय ते उतरवाचं. त्यात आपलं काही घालाचं नाही. बाई स्वतः तशीच होती. कोर्टाचे दावे, शाळेचे अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव, सारं तिनं उतरवलं. दुसऱ्याचंच.

रिझल्ट शंभर टक्के राहे. दरवर्षी. बाई त्याले जिवापाड जपे. एक पोरगं नापास झालं तर लोक म्हणन, या लोकाइचं असंच असते. हे बाई कधी तोंडानं बोलली नाही. पण आमच्या वस्तीतल्या लोकाइले ते न बोलता समजे.

आता अठ्ठ्याण्णव सालच्या जूनची गोष्ट. सकाळची बॅच चालू होती, मी खिडकीजवळच्या मशीनवर होतो. एक माणूस पोरीले घेऊन जिना चढून आला. कुंभ्याकडच्या एका खेड्यातला. धुतलेला पांढरा सदरा, पायाले चिखल. पोरगी दहावीत फर्स्ट क्लास आलेली, नाव दीपमाला. डावा हात तिनं ओढणीत गुंडाळून धरला होता. बाईच्या नजरेतून हात सुटत नसे.

"हात दाखव," बाई म्हणाली.

पोरीनं दाखवला. करंगळी नव्हती. तिच्या बाजूचंही बोट नव्हतं.

"कडबा कुट्टीत गेले बाई, लहान होती तवा," बाप म्हणाला. "पण पोरगी लय हुशार हाय. आठ बोटं हायेत."

"मशीन दहा बोटाइचं हाय. डाव्या करंगळीखाली अनुस्वार येते. तो कोण देईन? तू देशीन काय बाजूले बसून?"

खोलीत हासू फुटलं. मी तर मशीनवर डोकं ठेवून हासलो.

"बाई, मी शिकून घेईन जी," पोरगी म्हणाली. "बाकीच्या बोटानं."

"असं वाकडंतिकडं शिकवणं माह्याइथं नसते. परीक्षेत हात पाहाले सायब येते. कापूस वेचाले आठ बोटं पुरतात. ने बाप्पा तिले घरी."

बाप दोन पावलं मागं सरला. "बरं बाई. जय भीम," म्हणाला. पोरीनं हात पुन्हा ओढणीत घातला. दोघं जिना उतरले अन् खोलीत आठही मशीनचा खडखडाट पुन्हा चालू झाला.

हे मी आता असं सांगून राह्यलो जसं कालच पाह्यलं. पण खरं सांगतो, मधले पंचवीस वर्षं मी हे साफ विसरून गेलतो. आपण हासतो ते आपल्या ध्यानात राहत नाही. बाई विसरली नव्हती.

पुढं सरकारनं टायपिंगची परीक्षा कम्प्युटरवर नेली अन् बाईचं टायपिंग बसलं. सात मशीन कबाड्यानं उचलले. एक बाईनं घरी ठेवलं, प्लास्टिकच्या कागदाखाली. पुतण्याची पोरगी निकिता कॉलेजसाठी तिच्याजवळ राहाले आली, तिनं आजीच्या हातात मोबाइल देल्ला. फोन आला तर बाई उचले. बाकी काही नाही. आम्ही जुन्या पोराइनं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप केला, त्यात बाईचा नुसता अंगठा येये. पोरं म्हणत, बाई कमी बोलते. बाईले लेहता येत नव्हतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जिनं अर्धा तालुका टायपिंगले लावला तिले फोनवर चार शब्द टाइप करता येत नाही, असं कोणी म्हटलं असतं तर आम्हीच त्याले हासलो असतो.

अन् त्याचं कारण होतं. अंगठे सोडून बाईचे आठही बोटं मशीनच्या कळांवर टेकून राहत, दाबल्याशिवाय उमटत नसे. काचेवर टेकलं का उमटते. मशीनची कळ खाली जाते, वर येते, बोटाले उत्तर देते. आंधळ्यालेही कळते आपण कुठं हाव ते. काच कुठूनही सारखीच, गुळगुळीत. तिथं पाहूनच टिपा लागते. म्हणजे कोंबडीसारखंच. बाईनं दोनदा करून पाह्यलं अन् फोन उपडा ठेवून देल्ला.

आता माही गोष्ट. मी कथा लेहतो, हातानं, रेघाच्या वहीत. तीन वर्षांपासून त्या टाइप करून देते ती दीपमाला. बचत गटाची सचिव, गावात सगळ्याइच्या पीक पाहणीच्या नोंदी तीच मोबाइलवर भरून देते. कम्प्युटर नाही तिच्याजवळ. फोन उजव्या हाताच्या अन् डाव्या हाताच्या मधात धरते अन् दोन अंगठे असे सुटतात का पाहणाऱ्याचा डोळा मागं राहते. तिच्या डाव्या हाताले दोन बोटं नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी पाह्यलं होतं. कशी गेली हे कधी विचारलं नाही. ती कोण हे मले आठवलं नाही. तिले मी कोण हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे आता समजते.

औंदा ग्रुपवर ठरलं का बाईचा सत्कार कराचा. मानपत्र लेहाचं काम माह्याकडं. मी लेहणारा माणूस, मले काय लागते! दोन पानं झाडली. 'बोटांना अक्षरांची वाट दाखवणाऱ्या' वगैरे. अन् मधात एक वाक्य टाकलं, 'शिकायला आलेल्या एकाही मुलीला बाईंनी कधी दारातून परत पाठवलं नाही.' काहून टाकलं? वाक्य बरं दिसे म्हणून. दुसरं काहीच कारण नव्हतं. पानं मी दीपमालाकडं देल्ली. तिनं ते वाक्यही टाइप केलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता, अन् सोमवारी बाईच्या फोनवर पाठवलं. खाली लेहलं, काही बदल असल्यास कळवावे, दीपमाला.

मले बाईचा फोन आला. "ही दीपमाला कोण?"

"आपल्या इकडचीच हाय बाई. कुंभ्याकडची. डाव्या हाताले दोन बोटं कमी हायेत तिच्या, पण फोनवर अशी सुटते..."

फोन कट झाला. मले वाटलं रेंज गेली.

कार्यक्रम रविवारी होता. मधल्या दिवसात बाईनं काय काय केलं, ते मले मागून समजलं. काही निकितानं सांगतलं, काही बाईनं स्वतः.

मंगळवारी बाई काळीपिवळी जीपमध्ये बसून दीपमालाच्या गावाले गेली. दीपमाला अंगणात कोण्या माणसाची पीक पाहणी भरून देत होती. ती उठली, बाज टाकली, पाणी देल्लं, चहा मांडला. "बाई, तुम्ही इकडं कशा?" बाई तिच्या हाताकडं पाहे अन् पुन्हा दुसरीकडं पाहे. चहा संपला. बाईनं विचारलं, "औंदा तूर कशी हाय तुमच्याइकडं?" दीपमाला म्हणाली, "बरी हाय." बाई पुढच्या गाडीत बसून वापस आली. पंचावन्न रुपये अन् अर्धा दिवस तुरीची चौकशी कराले घालवला.

मग निकितानं शिकवलेलं आठवलं, बोलूनही पाठवता येते. बाईनं फोन तोंडासमोर धरला. दोन वाक्यं बोलली अन् ऐकून पाह्यली. स्पीड टेस्टचा मजकूर वाचल्यासारखा आवाज. हुकूम सोडल्यावानी. खोडून टाकलं.

बुधवारी तिनं मशीनवरचं प्लास्टिक काढलं. कागद लावला. बोटं सवयीनं चालली अन् पाच मिनिटात अर्जी तयार. 'विषय : प्रवेश नाकारल्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की...' एकही चूक नाही. समास सारखा. बाईनं वाचलं. आपण माफी मागून राह्यलो का नोटीस काढून राह्यलो? तिनं दुसरा कागद लावला अन् बोटं कळांवर ठेवून बसली. समोर उतरवाले काही नव्हतं. बोटं हालेच ना. चाळीस वर्षात त्या बोटाइनं बाईच्या मनातलं एक वाक्य टाइप केलं नव्हतं, हे तिले त्या दिवशी समजलं.

निकिताले सांगतलं असतं तर दोन मिनिटाचं काम. पण निकिताले सांगा लागते म्हणजे आपण काय केलं तेही सांगा लागते. "ती आजीले मोठी समजते," असं बाई मले मागून म्हणाली. "तिच्या अंगठ्यानं मी ते कसं लेहू?"

गुरुवारी सकाळीच बाई फोन घेऊन घरामागं न्हाणीजवळ जाऊन बसली. फोन गुडघ्यावर ठेवला. एक बोट काढलं, उजव्या हाताचं. बाकीचे नऊ मुठीत दाबून धरले, नाही तर ते मधातच टेकत. चष्मा नाकावर आणून एकेक अक्षर शोधे. द सापडला का त्याची वेलांटी सापडे ना. वेलांटी सापडली का बोट बाजूच्या अक्षरावर पडे. मशीनवर चुकलं तर चुकलं, उमटलं ते राहे, म्हणून आधी इचार करून मग हाणाचं. इथं सारं पुसता येते. बाईनं जेवढं लेहलं तेवढं पुसलं. आधी लेहलं, तेव्हा परिस्थिती तशी होती. पुसलं. लेहलं, परीक्षेचा सायब कडक होता. पुसलं. लेहलं, तुझ्या भल्यासाठी. हे लेहाले तिले अर्धा तास लागला, अन् पुसाले एक बोट दाबून ठेवा लागलं.

निकिता दोनदा येऊन गेली. "आजी, मी करून देऊ काय?"

"नको."

"एवढं कोणाले लेहून राह्यली लपूनछपून? कोणी म्हातारा पाह्यला का काय?"

"जाय, कॉलेजले उशीर होते."

शुक्रवारी दुपारी मेसेज गेला. बाईनं मले तो दाखवला हाय, म्हणून जसाच्या तसा सांगतो. 'दीपमाला मी तुले वापस पाठवलं होतं. हात पाहून. तुह्या बापासमोर. माह्या रिझल्टसाठी. मानपत्रात खोटं लेहलं हाय. ते काढ अन् खरं टाक.' एवढंच. जन्मभर दुसऱ्याची शुद्ध मराठी उतरवणाऱ्या बाईचं पहिलं स्वतःचं लेखन हे असं, आपल्या बोलीतलं.

उत्तर आलं, 'बरं.' पुढं काही नाही. बाई शनिवारभर फोन उघडून पाहे. 'बरं'च्या खाली काहीच येये ना.

रविवारी समाजमंदिराचा हॉल भरला होता. शे-दीडशे माणूस. बाई पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसली होती. दीपमाला आली, मागच्या रांगेत भिंतीजवळ बसली. मानपत्राची फ्रेम तिनंच छापून, मढवून आणली होती, रंगीत कागदात गुंडाळून. मी ती उघडली ती स्टेजवरच. आपणच लेहलेलं, पुन्हा काय पाहाचं?

वाचाले लागलो. माहा आवाज बरा हाय. एकेका वाक्यावर लोक टाळ्या वाजवत. 'बोटांना अक्षरांची वाट दाखवणाऱ्या' यावर तर शिट्टी पडली. मग मी त्या ओळीवर आलो अन् थांबलो. ती मी लेहली नव्हती.

दीपमालाच्या हाताकडं अन् समोरच्या ओळीकडं एकाच वेळी ध्यान गेलं, अन् पंचवीस वर्षांमागची ती खोली माह्यासमोर उभी राह्यली. मशीनवर डोकं ठेवून हासणारा मी. मी ओळ सोडून पुढं जात होतो.

"सोडू नको," बाई खुर्चीतूनच म्हणाली. "वाच."

मी वाचलं. 'दीपमाला नावाच्या मुलीला बाईंनी तिचा हात पाहून, तिच्या बापासमोर, स्वतःच्या निकालासाठी दारातून परत पाठवलं.'

लोकाइले टाळ्यांची लय लागली होती. मागून टाळ्या पडल्याच. पाच-सात जणाइनं वाजवल्या, मग बाजूवाल्यानं त्याइले कोपर मारलं, अन् टाळ्या अर्ध्यात तुटल्या. हॉलमध्ये पंख्याचा आवाज येऊ लागला. एक जण बाजूवाल्याले विचारे, "काय म्हणे? काय म्हणे?" बाई मांडीवर हात ठेवून खाली पाहून राह्यली होती. मी उरलेलं कसंबसं वाचून टाकलं. त्यावर कोणी टाळी वाजवली नाही.

जेवणाच्या पंगती बसल्या. लोक बाईच्या पाया पडाले येत, पण झटक्यात उठत, पहिल्यासारखं थांबत नसत. एक जुना विद्यार्थी मले बाजूले घेऊन म्हणाला, "काय येडेपणा केला तुम्ही? मानपत्रात असं लेहतात काय?" मी वाढाले बुंदीची बादली उचलली.

बाई ताट घेऊन दीपमालाजवळ गेली अन् तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसली. मी वाढत होतो, तिथंच होतो.

"जसंच्या तसं टाकलं तू," बाई म्हणाली.

"तुम्ही म्हटलं तसं टाकलं. शुद्ध केलं फक्त."

"मले दोन दिवस लागले ते लेहाले."

"माहीत हाय. मले दिसून राह्यलं होतं."

"काय दिसून राह्यलं होतं?"

"तुम्ही लेहाले बसले का इकडं माह्या फोनवर वर येते बाई, टाइप करून राह्यले म्हणून. येये अन् जाये. येये अन् जाये. मी भाकरी टाकता टाकता पाहो. मले वाटलं, शिव्या लेहून राह्यल्या. म्हटलं, एवढ्या लंब्या शिव्या!" दीपमाला हासली. बाई हासली नाही. न्हाणीजवळ, सगळ्याइची नजर चुकवून जे केलं, ते जिच्यापासून सगळ्यात जास्त लपवाचं होतं तिनंच पाह्यलं होतं. बाईनं घास पुन्हा ताटात ठेवून देल्ला.

"अन् मग मी लेहाले बसली," दीपमाला म्हणाली. "माफ केलं म्हणून. तीनदा लेहलं. तीनदा खोडलं. नाही होत बाई. त्याच साली बाबानं माह्यं लग्न लावून देल्लं. हिले शिकवून फायदा नाही, बाईनंच सांगतलं, म्हणे."

बाई म्हणाली, "नको लेहू."

"नाही लेहत."

मग दोघी जेवल्या. बाजूबाजूले बसून, वांग्याची भाजी अन् भात, पोटभर जेवल्या. दीपमालानं हात धुतले. निघताना ती माह्यासमोरून गेली. मी बुंदीची बादली हातात घेऊन उभा होतो. तीन वर्षं ती माह्या कथा टाइप करून राह्यली होती. त्यातली एकही खोलीतल्या त्या हासण्याबद्दल नव्हती. मी तोंड उघडलं.

"दीपमाला, त्या दिवशी मीही..."

तिनं बादलीकडं पाह्यलं, मग माह्याकडं.

"तुमचं जेवण राह्यलं हाय," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."